दोन्ही बाजू पहिल्या

आमच्या ऑर्केस्ट्राची तबकडी कुणी अजून सांभाळून ठेवली असेल, तर त्यांनी ती एकदा उलटसुलट करून बघावी. दोन्हीकडच्या गोल कागदावर 'बाजू पहिली' असंच छापलेलं आहे. ही छापखान्याची चूक नव्हे. दुसऱ्या बाजूवर जायला कुणी तयारच नव्हतं, तेव्हा आमच्या तबकडीला दुसरी बाजू नाही, एवढंच. मुंबईच्या कंपनीतल्या माणसानं मजकूर पक्का करताना दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा आमच्या दोन्ही मालकांनी एका सुरात 'हो' म्हटलं. त्या दोघांचा एक सूर लागलेला मी तेवढाच ऐकला.

मी त्या ऑर्केस्ट्रात गायचे. सांगलीत माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि ऑर्केस्ट्राचा ॲम्प्लिफायर हा त्या दुकानाचा कायमचा पाहुणा होता. एकदा दुरुस्ती झाल्यावर वडिलांनी माझ्या हातात माइक दिला आणि काहीतरी बोल म्हणाले. मला बोलायला काही सुचेना, म्हणून मी गायले. ॲम्प्लिफायर न्यायला आलेले गृहस्थ उंबऱ्यातच उभे राहिले. ते आमचे मास्तर. अकॉर्डियन वाजवायचे, चाली लावायचे, आणि ऑर्केस्ट्राचे अर्धे मालक होते. त्यांनी वडिलांना विचारलं, वडिलांनी आईला विचारलं, आईनं शेजारणीला विचारलं. मला कुणी विचारलं नाही, पण उत्तर माझ्या मनासारखं आलं म्हणून मी गप्प राहिले.

उरलेले अर्धे मालक म्हणजे मुख्य गायक. उंच, गोरे, केसांचा कोंबडा काढलेला, आणि गळा खरोखर चांगला. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढं त्यांच्याबद्दल चांगलं लिहायची संधी फारशी येणार नाही. दोघांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता आणि लोकांना काहीतरी गाणंबजावणं हवं होतं. गणपती, गावोगावच्या यात्रा, साखर कारखान्याच्या गळिताचा शुभारंभ अशा सुपाऱ्या मिळत. साताऱ्यापासून कवठे महांकाळपर्यंत असं एकही धुळीचं मैदान नसेल, जिथं मी जरीच्या साडीत उभी राहून खोकले नसेन.

आम्ही म्हणायचो ती गाणी सगळी सिनेमाची, म्हणजे उसनी. आमचं स्वतःचं असं एकच गाणं होतं. शब्द मास्तरांचे, चाल मास्तरांची, आणि गायचे मी. शाळूच्या रानात पाखरं राखणाऱ्या पोरीचं गाणं, तीन कडव्यांचं. पहिल्या कडव्यात पोर मचाणावर चढते, पाखरं कणसांवर उतरतात आणि शेवटची ओळ येते, 'गोफण फिरवली, धोंडा धरला गं'. त्या धोंड्याचं काय झालं ते पुढच्या दोन कडव्यांत कळायचं. तिसऱ्या कडव्यात सूर असा वर जायचा की शेवटच्या रांगेतला विडी ओढणारा माणूसही विडी तोंडातून काढायचा. मी जे काही गायले त्यात मला अभिमान वाटावा असं तेवढंच होतं. पुढची सगळी हकिगत त्या गाण्याची आहे.

गाण्याच्या दोन कडव्यांच्या मधे वाद्यं वाजतात, ती जागा संगीतासाठी असते असा इतरांचा समज आहे. आमच्याकडं ती नावांसाठी असते. मंडपाला कुणी ताडपत्री दिली, कुणी बैलगाडीतून खुर्च्या आणल्या, कुणी कलाकारांना चहा पाजला, त्या सगळ्यांची नावं पहिल्या आणि दुसऱ्या कडव्याच्या मधे घ्यायची. पहिलं कडवं संपलं की वाद्यं आपोआप खाली येत, निवेदक माइककडं चालू लागे, आणि नावं संपेपर्यंत बोंगोवाला तोच ठेका मळत बसे. कधीकधी नावं इतकी असत की दुसरं कडवं सुरू करताना पहिल्यात काय झालं होतं ते मलाच आठवावं लागे. पण एखादं नाव राहिलं तर तो माणूस रुसायचा, आणि रुसलेला माणूस पुढच्या वर्षी ताडपत्री देत नसे.

ऑर्केस्ट्रा फुटला तो फेट्यावरून. माण तालुक्यातल्या एका यात्रेत कार्यक्रमाआधी सत्कार होता. त्या गावाला सवय तमाशाची, आणि फडाला मालक एकच असतो, म्हणून यात्रा कमिटीनं फेटा एकच आणला होता. मालक दोन आहेत म्हटल्यावर कमिटीचे म्होरके जरा विचारात पडले आणि मग म्हणाले, "फुडं कोण हुबा ऱ्हातो?" पुढं गायक उभे राहायचे, मास्तर बाजूला बसून वाजवायचे. फेटा गायकांना बांधला गेला आणि मास्तरांना टॉवेल-टोपी मिळाली. गायक म्हणाले, फेटा सोडतो, मास्तरांना बांधा. मास्तर म्हणाले, एकाच्या डोक्यावरनं उतरवलेला फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला की तो मान नसतो, उष्टं असतं. त्यांचंही खरं होतं. त्यांनी ती टोपी शांतपणे अकॉर्डियनच्या पेटीत ठेवली, वर अकॉर्डियन ठेवला, पेटी मिटली आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. त्या दिवशीचा सगळा कार्यक्रम नुसत्या बोंगोवर झाला.

महिन्याभरात सांगलीत दोन ऑर्केस्ट्रा झाले. नाव दोघांनीही सोडलं नाही. गायकांनी नावाआधी 'ओरिजनल' लावलं आणि मास्तरांनी 'अस्सल'. मला दोघांनीही बोलावलं. कुणाकडं जावं याचा मी विचार करत होते, तोवर घरच्यांनी माझं लग्न ठरवून प्रश्न मिटवला.

सासर साताऱ्याचं. नवरा जिल्हा परिषदेत कारकून, आणि घरात सासूबाई. सासरे पलटणीत होते, ते लवकर गेले, आणि त्यानंतर घर सासूबाईंनी हिमतीवर चालवलं होतं. त्यामुळं लग्नाच्या बैठकीत पुरुष बोलत होते आणि ठरवत त्या होत्या. देण्याघेण्याचं चाललेलं असताना त्या आतल्या दारातून म्हणाल्या, "पोरीचं गाणं आमी आइकलंय. चांगलं हाय. पर ते घरात. लोकांम्होरं हुबं ऱ्हाऊन गायाचं न्हाई." बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या वडिलांनीही डोलावली. त्यानंतर माझं गाणं चुलीपाशी आलं. भाकरी थापता थापता मी तिसऱ्या कडव्यापर्यंत जायचे, आणि सूर वर गेला की बाहेरून सासूबाई विचारायच्या, "भाजलं का काय गं?"

इकडं दोन्ही ऑर्केस्ट्रांची दैना मला कळत होती, कारण आमचा निवेदक साताऱ्याला आला की घरी येऊन चहा घ्यायचा. फाटाफुटीत तो दोन्हीकडं राहिला होता. 'ओरिजनल'साठी निळा कोट, 'अस्सल'साठी चॉकलेटी. कोट बदलला की निष्ठा बदलली. त्यानंच सांगितलं की एका गावात वरच्या आळीनं एकाला आणि खालच्या आळीनं दुसऱ्याला एकाच दिवशी बोलावलं. स्टेज समोरासमोर, मधे लोक. एकीकडं गळा होता आणि वाद्यं बेताची, दुसरीकडं वाद्यं होती आणि गळा बेताचा. दोघांनी एकच गाणं एकाच वेळी सुरू केलं आणि शेवटपर्यंत एक जण अर्धी ओळ पुढं राहिला. लोक म्हणे पाठीला पाठ लावून शांतपणे बसले होते. निवेदकाची मात्र कोट बदलता बदलता दमछाक झाली, आणि शेवटी तो नुसत्या शर्टावर आला.

त्यानंतर लोकच म्हणायला लागले की आता एक व्हा. आणीबाणी नुकतीच उठली होती. काल एकमेकांचं तोंड न बघणारे पुढारी गळ्यात गळे घालून फोटो काढत होते. मोठमोठी माणसं एक होतात तर आपण कोण लागून गेलो, असं निवेदकानं दोघांना पटवलं. त्या पुढाऱ्यांच्या एकीचं पुढं जे झालं तेच आमच्याही एकीचं झालं, पण तेव्हा ते कुणाला दिसत नव्हतं. नुसतं एकत्र आलो तर लोक म्हणतील उपासमार झाली म्हणून आले. म्हणून ठरलं की एकत्र यायचं ते तबकडी काढूनच. मुंबईला जाऊन स्वतःच्या हिमतीवर छापून घ्यायची. एका बाजूला गायकांचं मोठं गाणं. दुसऱ्या, म्हणजे दुसऱ्या पहिल्या बाजूला मास्तरांचा अकॉर्डियनचा तुकडा, आणि त्याच्यामागं पाखरांचं गाणं.

त्यासाठी मास्तर स्वतः साताऱ्याला आले. सासूबाईंसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले आणि सगळं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "तबकडीत त्वांड दिसतं का?"

"न्हाई आक्का, नुसता आवाज."

"आन् म्होरं लोक?"

"कुणी न्हाई. बंद खोली असती. म्होरं नुसती भित."

सासूबाईंनी जरा विचार केला. "मंग जाऊ दे. पर ह्यो संगं जाईल," त्या म्हणाल्या. ह्यो म्हणजे माझा नवरा, जो शेजारीच बसला होता आणि ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

मला झालेला आनंद मी कुणाला दाखवला नाही. आमच्याकडं सुनेनं फार आनंदात दिसलेलं बरं दिसत नाही. पण भांडी घासताना, दळण आणताना माझ्या डोक्यात एकच होतं. मी मेल्यावर माझं काही मागं राहील असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि आता एक गाणं राहणार होतं, तिन्ही कडव्यांसकट. मला बाकी काही नको होतं. कोणत्या बाजूला, कितवं, नाव छापतात की नाही, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

तबकडीला हातभार लावणारे पुष्कळ निघाले. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी पैसे द्यायला पुढं झाले. कारखान्याच्या एका संचालकांनी मुंबईला जायला जीप दिली. एका डॉक्टरांनी गायकांच्या घशासाठी गोळ्या दिल्या, सोडावॉटरवाल्यांनी बाटल्या दिल्या, आणि पाचगणीच्या एका हॉटेलवाल्यांनी सगळ्या कलाकारांना स्वेटर दिले. आम्ही मे महिन्यात मुंबईला चाललो होतो, पण दिलेल्याला नाही म्हणायचं नसतं. या सगळ्यांची नावं तबकडीच्या पाकिटावर मागं छापायचं ठरलं होतं. त्यासाठी जागाही सोडली होती.

जीपमध्ये दोन्ही मालक पुढं बसले, कारण मागं बसणं म्हणजे दुसऱ्या बाजूवर जाणं. गिअर मास्तरांच्या गुडघ्यांच्या मधे आला. प्रत्येक चढाला ड्रायव्हर म्हणायचा, "मास्तर, पाय," आणि मास्तर पाय फाकून गायकांना आणखी दाराकडं दाबायचे. मागं मी, नवरा, निवेदक, बोंगोवाला, बोंगो, अकॉर्डियन आणि स्वेटर. पुढं बसलेले दोघं मुंबईपर्यंत एकमेकांशी फार अदबीनं बोलले.

स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना गोणपाटासारखं काहीतरी लावलेलं आणि एका भिंतीत मोठी काच. काचेपलीकडं एक साहेब बसले होते. ते बोलायचे कमी आणि बोटं जास्त दाखवायचे. गायकांच्या नव्या टेरिलिनच्या शर्टाचा आवाज येतो म्हणाले, तेव्हा गायकांना बनियनवर गावं लागलं. मला म्हणाले, बांगड्या वाजतात, काढा. मी नवऱ्याकडं बघितलं. सवाष्णीनं हात मोकळे कसे करायचे, आणि तेही मुंबईत, परक्या माणसांसमोर. हे कोपऱ्यातल्या स्टुलावर माझी पर्स मांडीवर धरून बसले होते. ते उठले, खिशातला रुमाल काढून माझ्या एका हातावर बांगड्यांभोवती घट्ट बांधला, पर्समधला माझा रुमाल काढून दुसऱ्या हाताला बांधला आणि परत जाऊन बसले. लग्नानंतर ह्यांनी माझ्यासाठी आपणहून केलेलं ते पहिलं काम असावं.

गायकांचं गाणं त्यांना पसंत पडेपर्यंत झालं, म्हणजे बराच वेळ झालं. मग मास्तरांचा तुकडा मास्तरांना पसंत पडेपर्यंत झाला. मास्तर गायकांपेक्षा कमी वेळ घेणं शक्यच नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी घड्याळाकडं बोट केलं. बाहेर पुढची पार्टी येऊन बसली होती. एकदा तालीम झाली. निवेदक तेव्हा खाली चहाला गेला होता. तिन्ही कडवी नीट गेली, सूर जिथं जायचा तिथं गेला, आणि काचेपलीकडच्या साहेबांनी बोटाऐवजी चक्क मान हलवली. मग ते म्हणाले, आता टेपवर.

दिवा लागला. पहिलं कडवं मी गायले ते आजही कुणीही ऐकावं. 'धोंडा धरला गं' झालं, वाद्यं उचलली, आणि चहा पिऊन ताजातवाना झालेला आमचा निवेदक भिंतीजवळून चालू लागला. त्याला मी दोष देत नाही. इतकी वर्षं पहिलं कडवं संपलं की त्याचे पाय चालायला लागायचे, ते मुंबईत का थांबतील? आणि तो एकटा नव्हता. तो निघालेला दिसताच मास्तरांनी भाता हलका केला, बोंगोवाल्यानं ठेका मळायला घेतला, आणि मी, मी स्वतः, माइकपासून एक पाऊल बाजूला झाले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. निवेदकानं कोट ओढून नीट केला आणि विचारलं, "मागं आवाज येतोय का?" मागं भिंत होती.

मग नावं सुरू झाली. दानशूर, कलाप्रेमी, आमचे आधारस्तंभ. हळद, जीप, गोळ्या, सोडावॉटर, स्वेटर. त्यांच्या वडिलांची नावं, गावांची नावं, कुणाचे कोण लागतात ती नावं. मी ती इथं लिहीत नाही. त्यांच्यासाठी तबकडी खर्ची पडली आहे, तेवढं पुरे. साहेब काचेपलीकडून मन लावून ऐकत होते. त्यांना वाटलं असेल, ह्यांच्याकडं पद्धतच अशी असेल. तशी ती होतीच. नावं संपली, निवेदक बाजूला झाला, मी माइकशी आले, दुसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला, आणि साहेबांनी दोन्ही हातांची फुली करून दाखवली. बाजू भरली होती.

साहेब दार उघडून आत आले. "हे असंच हवंय ना?" त्यांनी विचारलं. "नको असेल तर बोलणं वगळून गाणं पुरं घेऊ या. एकदा होईल तेवढा वेळ आहे." हे सांगायला हवं, कारण पुढं सगळे म्हणत राहिले की वेळच नव्हता. वेळ होता. साहेबांनी टेप ऐकवली. निवेदकाचा आवाज त्या खोलीत असा घुमत होता की ऐकताना सगळ्यांच्या माना आपोआप ताठ झाल्या. गायक म्हणाले, "एवढी नावं आली, ती आता पुसायची म्हणजे माणसं तोडायची. आणि जीप अजून परत न्यायचीय." मग सगळ्यांनी मास्तरांकडं बघितलं. गाणं त्यांचं होतं. ते एक शब्द बोलले असते तर झालं असतं. पण बोलले असते तर गायकांशी पुन्हा वाजलं असतं आणि नुकती झालेली एकी त्या गोणपाटाच्या खोलीतच मेली असती. मास्तरांनी अकॉर्डियनचे पट्टे सोडले, माझ्यापाशी आले आणि खाली बघत म्हणाले, "पोरी, तू काय, घरचीच हायस."

घरची या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ ज्याला माहीत नसेल तो सुखी. पाहुण्याचा मान राखावा लागतो, गावाचा राखावा लागतो, सोडावॉटरवाल्याचाही राखावा लागतो. घरच्याचा राखायचा नसतो, कारण तो रुसून जाणार कुठं? मी मान हलवली आणि हातावरचे रुमाल सोडले. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. पण तिथं सगळंच काचेपलीकडं ऐकू जायचं, म्हणून रडले नाही.

परतताना खंबाटकीच्या घाटात हे समजुतीच्या सुरात म्हणाले, "एक तर एक कडवं. आलं ना?" मी साताऱ्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही, आणि सातारा आल्यावरही काही दिवस फारसं बोलले नाही.

तबकडीचं प्रकाशन सांगलीत झालं. मला जाता आलं नाही, ते लोकांसमोर होतं. वडिलांनी नंतर सगळं सांगितलं. या खेपेला फेटे दोन आणले होते. एकाच ताग्यातले, एकाच लांबीचे, फाडताना निवेदक स्वतः उभा होता. पण बांधणाऱ्यानं बांधले तसे बांधले, आणि गायकांच्या फेट्याचा शेमला पाठीवर जरा जास्त लांब आला. मास्तरांना ते गायक भाषणाला उठल्यावर मागून दिसलं. पुढचं सांगायला नको. 'ओरिजनल' आणि 'अस्सल' अशा दोन्ही पाट्या परत रंगवून घेतल्या गेल्या, आणि निवेदकानं दोन्ही कोट इस्त्रीला टाकले. ज्या एकीपायी माझी दोन कडवी गेली, ती एकी भाषणं संपेपर्यंतही टिकली नाही.

तबकडी मात्र लय चालली. गायकांची बाजू कुणी लावत नसे. ज्यांची नावं होती त्यांनी गठ्ठ्यांनी घेतल्या, पाव्हण्यारावळ्यांत वाटल्या, लाऊडस्पीकरवाल्यांच्या गळ्यात घातल्या. दोन जिल्ह्यांत लग्न असो, बारसं असो की पिठाच्या गिरणीचं उद्घाटन असो, आधी माझं एक कडवं आणि मग नावं. शाळेत जाणारी पोरं ती नावं तालात म्हणायची. एकदा साताऱ्याच्या मंडईत एक बाई दुसरीला म्हणाली, "ते सोडावॉटरचं गाणं लागलंय बघ." मी मेथीची जुडी उचलली आणि पुढं गेले.

सासूबाईंनी ते पहिल्यांदा ऐकलं आमच्याच गल्लीत. कुणाकडं तरी बारसं होतं. त्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या, हात थांबवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "आवाज तुझाच हाय," त्या म्हणाल्या. "त्यो बाबा मधीच का बोलतुया?"

"नावं आहेत, आत्याबाई. ज्यांनी मदत केली त्यांची."

"मंग घ्याया पायजेत," त्या म्हणाल्या. "न्हाईतर माणसं रुसत्यात." आणि सूप पुढं ओढलं. निदान घरात एखादं माणूस माझ्या वतीनं रागावेल अशी मला आशा होती. मी आत जाऊन स्वयंपाकाला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या माहेरी त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. दहिवडीच्या पलीकडचं गाव. मांडवात माणसं दाटीनं बसलेली, ऊन रणरणतंय, आणि वऱ्हाडाची गाडी वाटेत कुठंतरी बंद पडलेली. मुहूर्त टळत चालला तशा स्पीकरवाल्याकडच्या तबकड्याही संपत आल्या आणि शेवटी त्यानं आमची लावली. माझं कडवं झालं, सगळी नावं झाली, सुई खरखरत राहिली. सासूबाईंची थोरली बहीण आमच्या शेजारी बसली होती. पाठीत वाकलेली, दात गेलेले, कान मात्र शाबूत. ती वैतागून म्हणाली, "आगं, ह्या पोरीनं त्यो धोंडा मारला का न्हाई? आवंदाच्या समद्या लग्नात आइकतीया मी. नुसती धरूनच बसलीया."

बायका हसल्या. एक म्हणाली, मारला असंल की. दुसरी म्हणाली, त्या सोडावॉटरवाल्याला मारला असंल. खरं कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी अक्षतांचं ताट मांडीवर घेऊन खाली बघत बसले होते.

"ह्या आमच्या सुनंचं गाणं हाय त्ये," सासूबाई एकदम म्हणाल्या. "तिलाच इचार." आणि माझ्याकडं वळून, "म्हण की म्होरलं."

मी पदर सावरला आणि बसल्या जागी हळू आवाजात दुसरं कडवं धरलं. दुसऱ्या ओळीलाच सासूबाईंनी माझ्या मांडीवरचं ताट उचलून आपल्याकडं घेतलं. "हुबी ऱ्हा," त्या म्हणाल्या. "मागच्यास्नी आइकू येत न्हाई."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. बैठकीत बोललेलं त्या विसरल्या असतील हे शक्य नव्हतं, त्या काहीच विसरत नसत. मांडवात पुरुष होते, माहेरची सगळी भावकी होती. त्यांनी नुसता हात हलवून परत सांगितलं, ऊठ. मी उठले आणि दुसरं कडवं पहिल्यापासून घेतलं. शेजारच्या रानातला एक पोरगा बांधावर बसून पाखरांच्या आवाजात शिट्ट्या घालतो आणि पाखरं खुशाल दाणे टिपत राहतात. मग तिसऱ्यात धोंडा सुटतो, पाखरांना न लागता त्या पोराच्या पटक्याला लागतो, आणि पटका बांधावर टाकून पोरगा पळत सुटतो. मधे कुणी चालत आलं नाही. सूर वर नेताना आवाज जरा फाटला, पण गेला, जायचा तिथपर्यंत गेला.

म्हातारी पोट धरधरून हसली. "बरा हाणला," ती म्हणाली. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात वऱ्हाडाची गाडी आल्याचा गलका झाला आणि सगळा मांडव उठून वेशीकडं धावला. म्हातारीलाही कुणीतरी हाताला धरून नेलं.

सासूबाई उठल्या नाहीत. अक्षतांचं ताट धरून माझ्याकडं बघत बसल्या होत्या.

"सपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं, आत्याबाई."

"म्हंजी येवढंच हुतं?"

"एवढंच."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मग त्यांचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं, हसतायत. "येवढंसं तर हुतं," त्या म्हणाल्या. "येवढ्यासाठी कापलं व्हय गं तुला त्या मुडद्यांनी?"